वस्ताद ढाक सोडायला सांगतात

अण्णा, नमस्कार.
मी तासगाव तालुक्यातला. वय 20, वजन 74 किलो, उंची पाच फूट अकरा. चार वर्षं कोल्हापुरात तालमीत आहे. माझा हुकमी डाव ढाक, म्हणजे मान-हात धरून कंबर आत घालायची आणि समोरच्याला पाठीवर टाकायचं. या हंगामात जत्रांत अकरा कुस्त्या मारल्या, त्यातल्या आठ ढाकेवर. आता हलगी वाजली की लोकच ओरडतात, "ढाक, ढाक!" पण मॅटवरच्या निवड चाचणीत पहिल्याच कुस्तीत 12-2 ने हरलो. चार वेळा ढाक सुटली, चारही वेळा समोरचा पोरगा माझ्या मागं गेला आणि वर बसून भारंदाजवर, म्हणजे कंबर धरून, दोनदा फिरवलं. दुसऱ्या दिवशी वस्ताद म्हणाले, दिवाळीपर्यंत ढाक बंद. फक्त पट (पाय धरून पाडायचा डाव), पटाचा बचाव आणि उभं राहायचं शिक. अण्णा, मी काल आलेल्या पोरांबरोबर उभं राहायचं शिकू? सगळ्यांसारखंच लढायचं तर माझं काय राहिलं? जे मोठे पैलवान झाले त्यांची प्रत्येकाची स्वतःची शैली होती ना? मला नुसतं जिंकायचं नाही, मोठं व्हायचंय. वस्तादांचं ऐकू की माझा खेळ जपू?
ता. क. डावा कान सुजलाय, आत पाणी झाल्यासारखा मऊ लागतो. तालमीतली पोरं म्हणतात राहू दे, कान मोडल्याशिवाय पैलवान दिसत नाही. खरं का?
— ढाकवाला

पैलवान,

बारा गुणांचा हिशेब तू पत्रात स्वतःच दिलायस, फक्त बेरीज केली नाहीस. चार वेळा ढाक सुटली, दर वेळी दोन गुण, म्हणजे आठ. खाली गेल्यावर दोनदा फिरवलं, ते चार. झाले बारा. समोरच्या पोरानं त्या कुस्तीत स्वतःहून काहीच केलं नाही. तू देत गेलास आणि तो घेत गेला. त्याच्या वस्तादांनी त्याला एकच वाक्य सांगितलं असणार, "थांब, तो ढाकेला येईल." आणि तू गेलास. चार वेळा!

आता मातीत हाच पोरगा तुला भेटला असता तर काय झालं असतं ते बघ. ढाक सुटली असती, तू तोंडावर पडला असतास, तो वर बसला असता. पुढं? पुढं काही नाही. जत्रेच्या मातीत बहुतेक पाठ लागल्यावरच निकाल लागतो. तू जमिनीला चिकटून पडला असतास, त्यानं घिस्सा मारून बघितला असता, पंचांनी थोड्या वेळानं उठवून परत खडाखडीला लावलं असतं आणि दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या वेळी तुझी ढाक बसली असती. मातीत चुकलेल्या डावाची किंमत मोजावी लागत नाही, बसलेल्या डावाला मात्र फेटा, इनाम आणि खांद्यावरून मिरवणूक. मॅटवर उलटं आहे. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, आणि प्रत्येक चूक तिथल्या तिथं पाटीवर लागते. म्हणून तुझी ढाक कच्ची आहे असं मी म्हणणार नाही. ती जत्रेनं घडवलेली ढाक आहे. चुकली तर चालतं, हे गृहीत धरून ती तुझ्या अंगात बसलीय. वस्तादांना नेमकं हेच दिसलं असणार, आणि एका ओळीत सांगणं हा वस्ताद लोकांचा जुना आजार आहे, त्यामुळं तुला नुसतं "ढाक बंद" एवढंच ऐकू आलं.

शैली म्हणजे काय, यावर माझी एक साधी पारख आहे. समोरच्याला ठाऊक असूनही जो डाव लागतो तो तुझा. ठाऊक नसताना लागतो तो नुसता चकवा. आपल्याकडं शब्दही किती चोख आहे बघ : हुकमी. हुकूम दिला की आला पाहिजे. तुझी ढाक अजून हुकमी नाही, ती आवडती आहे. आवडत्या डावाचं आणि पैलवानाचं जरा लाडात आलेल्या पोराचं आणि आईचं असतं तसं असतं, त्याच्या खोड्या दिसत नाहीत.

माझंच सांगतो. मी उजवा पाय पुढं टाकून लढायचो. डावं अंग मला येतच नव्हतं, पण "आपलं उजवं अंग हाय" असं मी छाती काढून सांगायचो. एका जत्रेत, नाव सांगत नाही, एका बारक्या पोरानं पहिल्या दोन मिनिटांत ते ओळखलं. तो सारखा माझ्या उजव्या गुडघ्याला नुसती थाप मारायचा आणि सरकायचा. थाप आणि सरक. मी वळायला लागलो, वळता वळता पाय जवळ आले आणि एकेरी पटावर मी आकाश बघितलं. त्या दिवशी वस्ताद काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे हौद्यात, म्हणजे तालमीतल्या मातीत, उतरलो तर त्यांनी माझा उजवा हात पंच्यानं माझ्याच लंगोटाला मागं बांधला आणि म्हणाले, "हं, धर आता." महिनाभर मी डाव्या हातानं लढलो. नारळाच्या कुस्तीतली, म्हणजे इनाम म्हणून नारळ घेणारी नवखी पोरं मला पाडायची. लाज वाटायची, रात्री रडलोही असेन. महिन्यानं हात सोडला तेव्हा उजवं अंग होतं तिथंच होतं, उलट जास्त मोकळं झालं होतं, कारण आता मी कुठून येणार ते समोरच्याला कळेना. मी मोठा पैलवान झालो नाही, ते सोड. पण माझी जी काय "शैली" म्हणून लोक पुढं ओळखायचे, ती त्या महिन्यानंतरची.

आता मोठ्या पैलवानांचं. तू म्हणतोस त्यांची शैली होती. होती ना. पण तुझ्याच जिल्ह्यातली दोन माणसं घे : कवठेपिरानचे मारुती माने आणि शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर. 1962 ची जकार्ताची आशियाई स्पर्धा. मारुतीभाऊंना फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. आंदळकरांना ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावायचा नाही आणि पायांनी डाव करायचा नाही, हे तुला माहीत आहे. म्हणजे पट नाही, टांग नाही. मातीतल्या पैलवानाची निम्मी शिदोरीच काढून घेतली. तरी ही दोन माणसं एकाच स्पर्धेत दोन्ही प्रकारांत पदक घेऊन आली. एका डावावर उभा राहिलेला पैलवान हे करू शकेल का? त्यांचं जे काही "स्वतःचं" होतं ते कुठल्या डावात नव्हतं, अंगात होतं. डाव काढून घेतला तरी ते उरायचं.

गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं तर सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण आपण फक्त हेलसिंकीचं ऑलिंपिक आठवतो. 1948 ला लंडनमध्ये मातीत वाढलेल्या त्या पोराला मॅट नवी होती. 52 किलोत सहावा नंबर आला. तिथून परत येऊन "मी मातीतला, माझा खेळ वेगळा" असं म्हणायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं. लोकांनी मानही दिला असता. ते परत कामाला लागले आणि 1952 ला 57 किलोत कांस्य आणलं. चार वर्षं गेली मधे. तुला वस्तादांनी दिवाळीपर्यंतचे दिवस मागितलेत.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर बजरंग पुनियाच्या दोन कुस्त्या मोबाइलवर शेजारी शेजारी लावून बघ. बजरंगची शैली सगळ्या जगाला माहीत : थकायचं नाही, समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही, शेवटच्या मिनिटात झोडपायचं. पण पायांचा बचाव कमजोर, हेही सगळ्या जगाला माहीत. 2018 ला बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत 65 किलोच्या अंतिम कुस्तीत जपानच्या ओतोगुरोनं 16-9 नं घेतली. नऊ गुण मारूनही हरला! ही शैली कमी पडली असं नाही, शैलीखालची जमीन पोकळ होती. मग टोकियो ऑलिंपिकमधली कांस्यपदकाची कुस्ती बघ, कझाकस्तानच्या नियाझबेकोव्हविरुद्ध. 8-0. त्यात समोरच्याच्या शून्याकडं बघ, आठाकडं नको. तोच माणूस, तोच दमसास, पण एक गुण दिला नाही.

जरा आडवळणानं जातो, कंटाळू नको. ज्या शाहू महाराजांनी कुस्तीचं खासबाग मैदान बांधलं त्यांनीच गवई अल्लादियाखाँसाहेबांना कोल्हापुरात आणलं. गाण्यातही शिक्षणाला तालीमच म्हणतात, बरं का. खाँसाहेबांचा तरुणपणीचा आवाज दरबारात गाऊन गाऊन गेला आणि परत आला तेव्हा पहिल्यासारखा राहिला नव्हता. त्या उरलेल्या आवाजात बसेल असं गाणं त्यांनी घडवलं, आणि ते पुढं जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं झालं. पण घडवू शकले कशामुळं? आवाज जाण्याआधी घराण्याचं सगळं गाणं घोटून झालं होतं म्हणून. ज्याच्याकडं चारच ताना आहेत त्याचा आवाज गेला की तो घरी बसतो. आणि पुढची गंमत अशी, की त्यांच्याकडंच शिकलेल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर, दोघी गोव्याच्या, दोघींना एकच तालीम, पण ध्वनिमुद्रिका लावली तर दोन मिनिटांत कोण गातंय ते सांगता येतं. दोघींपैकी कुणी "मला माझी शैली जपायचीय" म्हणून पलटे, म्हणजे रोज घोटायच्या स्वरांच्या ओळी, सोडले नव्हते. तुला वाटतं सगळ्यांसारखा पट मारला तर तू सगळ्यांसारखा होशील. होत नाही रे. तुझी उंची पाच फूट अकरा, हात लांब. बुटक्या पोराचा पट आणि तुझा पट एक असूच शकत नाही. बुटका आत शिरून मारतो, तू लांबून मारशील. घोटून घोटून पट तुझ्या अंगाचा होईल, तेव्हा त्याला तुझी चाल आपोआप येईल.

आणि आता खरी गोष्ट, जी वस्तादांनी तुला सांगितली नाही. पट शिकल्यानं तुझी ढाक मरणार नाही, तिला रस्ता मिळेल. आत्ता तू ढाकेला कसा जातोस? मान धरतोस, हात बगलेत घेतोस आणि समोरचा तुझ्याकडं येईल याची वाट बघत ओढतोस. तो येत नाही, ढुंगण मागं टाकून उभा राहतो. तू तरी कंबर आत घालतोस, तो लांब असल्यामुळं कंबर पोकळीत जाते, पकड सुटते आणि तुझी पाठ त्याच्या पुढ्यात. हेच झालंय ना चारही वेळा? आता समज तुझा पट खराच लागतो असं सगळ्यांना ठाऊक आहे. तू नुसता गुडघा वाकवून खाली हललास की तो घाबरून खाली जाणार, तुझ्या खांद्यावर दाब देणार. तू उठायला लागलास की तो दाबत दाबत तुझ्याबरोबर वर आणि पुढं येणार. ढाकेला काय लागतं? पुढं येणारा माणूस. तोच पाहिजे होता. मॅटवर ढाक उभ्यानं पाठीवर बसली तर एका झटक्यात चार गुण, तिथं दाबून धरला तर कुस्तीच संपली. पण त्यासाठी समोरच्याला आधी तुझ्या पटाची भीती वाटली पाहिजे, आणि खोट्या पटाला कुणी भीत नाही.

वस्ताद कुठं चुकत असतील का? चुकू शकतात. कुठलाही वस्ताद देव नाही. दिवाळीनंतरही ते "ढाक विसर, ती मॅटवर चालत नाही" म्हणाले, तर मी तुझ्या बाजूनं. उंच पैलवानाच्या हातातून ढाक कायमची काढणं म्हणजे बैलाची शिंगं कापणं. काही तालमींत सगळ्यांना एकाच साच्यात ओततात, तेही मी बघितलंय. तिथून बाहेर पडलेली पोरं सहा महिन्यांत फुलतात. पण "आधी हे शिक" आणि "ते कधीच करू नको" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुझ्या पत्रावरून मला पहिलीच दिसते. वेळही त्यांनी बरोबर निवडलाय. अक्षय तृतीयेनंतर जत्रा सरतात, पावसाळ्यात इनामाची कुस्ती फारशी नसते, म्हणजे ढाक बंद ठेवून तुझा खुराकाचा पैसा बुडत नाही. हे त्यांनी मोजलंय. तू मोजलं नाहीस.

त्यांना विचारायचं असेल तर सकाळी हौद्यात सगळ्यांसमोर विचारू नको. संध्याकाळची मेहनत झाली, अंगाला माती लावून भिंतीला टेकून बसले असतील तेव्हा जा आणि एवढंच म्हण, "वस्ताद, पट बसला की ढाक पटावरून लावायची का?" बघ चेहरा कसा होतो ते. माझा अंदाज, ते स्वतः उठून दाखवतील.

तोवर एक काम कर. शंभर पानी वही घे. रोज जोडीदाराबरोबर किती पट टाकले, किती लागले, किती अडले, एवढे तीन आकडे. बाकी काही लिहू नको, मनातले विचार तर अजिबात नको. आणि तालमीत ज्याला तुझी ढाक पाठ आहे अशा एका जोडीदाराला आत्ताच सांगून ठेव, दिवाळीच्या पाडव्याला मी तुला ढाकेनं पाडणार, तू पूर्ण जोर लावून अडव. तो पडला तर डाव हुकमी झाला असं धर. नाही पडला तर वस्तादांना अजून वेळ दे.

आणि मोठं होण्याचं. हे वाक्य तू पत्रात शेवटाला लिहिलंस, पण मला ते सगळ्यात आधी दिसलं. वीस वर्षांच्या पोरानं मोठं व्हायचं म्हणावं, त्यात गैर काही नाही. मला ते आवडतं. नारळाच्या कुस्तीवर समाधानी असलेली पोरं मी खूप बघितली. फक्त एक ध्यानात ठेव, "ढाक, ढाक" ओरडणाऱ्या लोकांना तू मोठा झालेला नकोय, त्यांना ढाक बघायचीय. पुढच्या वर्षी दुसरा कुणी कलाजंग मारील, ते "कलाजंग" ओरडतील. पॅरिस ऑलिंपिकला 2024 मध्ये विनेश फोगटनं जपानच्या सुसाकीला हरवलं ती कुस्ती आठव. सुसाकी तोवर परदेशी मल्लाकडून एकदाही हरली नव्हती. विनेश 0-2 नं मागं होती, बहुतेक वेळ नुसती अडवत होती, बघणाऱ्याला कंटाळा यावा अशी. शेवटच्या काही सेकंदांत गेली आणि 3-2 नं जिंकली. त्या साडेपाच मिनिटांत "वा!" म्हणावं असं काहीही नव्हतं, आणि ती माझ्या आयुष्यात बघितलेल्या मोठ्या कुस्त्यांपैकी एक आहे. उभं राहायचं शिक असं वस्ताद म्हणतात ना, ते हे.

मोठं व्हायच्या घाईत तालमीच्या मागच्या खोलीत कुणी ताकद वाढवायची सुई घेऊन आलं तर मात्र तिथून सरळ गावाला ये. यावर जास्त लिहीत नाही, तुला कळलंय.

आता कानाचं, कारण ते सगळ्यात तातडीचं. मऊ लागतोय म्हणजे कातडी आणि कूर्चेच्या (कानातल्या लवचिक हाडाच्या) मधे रक्त साचलंय. ते काही दिवसांतच डॉक्टरकडून, कान-नाक-घशाच्या, नीट काढून घ्यायचं आणि वरून दाबपट्टी बांधायची, नाहीतर परत भरतं. उशीर केला की ते आतच घट्ट होतं आणि कान कायमचा गोळा होतो. तालमीतल्या कुणाकडून इंजेक्शनच्या सुईनं टोचून घेऊ नको, पू होऊ शकतो. पट्टी सुटेपर्यंत लढत धरू नको, तेवढे दिवस नुसता जोर-बैठका मार. आणि परत सरावाला उतरशील तेव्हा कानाचं टोपडं घाल. पोरं हसतील. माझा उजवा कान असाच "राहू दे" म्हणून राहिलाय. फोन धरला की नीट ऐकू येत नाही आणि चष्म्याची काडी त्याच्यावर टिकत नाही, सुतळीनं बांधून फिरतो. पत्र वाचून झालं की आजच जा.